पाहुणे म्हणून आलेले सेवक

परदेशांतून येऊन आपल्या देशांत सेवा करणाऱ्या मंडळींचा इतिहास लिहावयाचा म्हटलें म्हणजे लेखणी सहसा एकाच वाटेनें चालूं लागते. त्यांनीं किती घरें बांधलीं, किती रोग्यांस औषध दिलें, किती मुलांस शिकविलें, ह्याची मोजदाद होते; आणि ज्यांच्या गांवीं ते राहिले, ज्यांच्या चुलीवरचें अन्न त्यांनीं खाल्लें, ज्यांच्या ओसरीवर ते टेकले, त्या माणसांस त्या हकिकतींत उपकृत जन ह्यापलीकडे स्थान मिळत नाहीं. वस्तुतः सेवा करण्यास आलेला मनुष्य प्रथम पाहुणा असतो. त्यास जागा कोणी तरी द्यावी लागते, पाणवठा कोणी तरी दाखवावा लागतो, "या, बसा" असें कोणी तरी म्हणावें लागतें. यजमानानें दार उघडलें नाहीं तर सेवेचा आरंभच होत नाहीं. प्रस्तुत लेखांत ह्या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे यजमानाच्या बाजूचा, विचार करावयाचा आहे. आणि त्यासाठीं मुख्यतः तीन ठिकाणांची हकिकत सांगावयाची आहे. तीं ठिकाणें म्हणजे उत्तर बिहारचा भूकंपग्रस्त मुलूख, विदर्भांतील वरोरा, आणि मुंबईचें उपनगर विक्रोळी.

ह्या हकिकतीचें बीज मात्र आपल्या देशांत पडलें नाहीं. तें फ्रान्समध्यें पडलें. पहिलें महायुद्ध १९१८ सालीं थांबलें तेव्हां व्हर्दूनच्या आसपासचीं कित्येक खेडीं केवळ नांवानें उरलीं होतीं. घरांचे ढिगारे झाले होते आणि शेतांत तोफगोळ्यांचे खड्डे पडले होते. १९२० सालाच्या अखेरीस त्यांपैकीं एन नांवाच्या गांवीं पिएर सेरेसोल हे स्विस एंजिनियर आपल्या मूठभर सोबत्यांसह येऊन राहिले. सेरेसोल ह्यांचा जन्म १८७९ सालीं लोझान शहरीं झाला. त्यांचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेले होते. घरीं कशाची वाण नव्हती. परंतु युद्धाच्या काळीं लष्करी कर भरण्याचें नाकारून त्यांनीं तुरुंगवास पत्करला होता. आणि नुसतें "युद्ध नको" असें म्हणत बसण्यापेक्षां ज्यांचीं घरें युद्धानें मोडलीं त्यांचीं घरें उभारण्यास हात लावावा, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. त्यांच्या सोबत्यांत कांहीं जर्मनही होते, व हेंच त्या प्रयत्नाचें मर्म होतें. कालच्या शत्रूनें येऊन मोडलेलें गांव पुनः बांधावयाचें होतें.

त्यांनीं ढिगारे उपसले, राहण्यापुरतीं लांकडी घरें उभीं केलीं, जमीन सारखी करण्यास आरंभ केला. पण ज्या मातींत गांवचे मुलगे पुरले गेले होते त्या मातीवर जर्मन माणूस पाहणें, मग त्याच्या हातीं फावडें कां असेना, सर्वांस सोसवेना. कांहीं महिन्यांतच, १९२१ च्या वसंत ऋतूंत, मंडळींस तेथून निघावें लागलें. ह्यांत त्या लोकांस दोष देण्याचें कारण नाहीं. ज्याच्या घरीं सुतक आहे त्याला "माझ्यासाठीं दार उघड" असें कोणत्या तोंडानें म्हणावें? तथापि सेवेच्या इतिहासांत ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. हेतु शुद्ध होता, श्रम फुकट होते, कामाची गरज उघड होती. नव्हता तो फक्त यजमान, आणि तो नव्हता म्हणून सारें थांबलें.

ह्या अपयशानें सेरेसोल खचले नाहींत. त्यांच्या प्रयत्नांतून "सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल" ही स्वयंसेवकांची संस्था वाढीस लागली. ऱ्हाइन नदीच्या महापुरानें १९२७ सालीं लिक्टेनस्टाइन ह्या चिमुकल्या देशाची दुर्दशा केली, तेव्हां दुसऱ्या वर्षीं निरनिराळ्या देशांतले सातशेंहून अधिक स्वयंसेवक तेथें गाळ उपसण्यास जमले. पुढें १९३१ सालच्या डिसेंबरांत महात्मा गांधी लंडनच्या गोलमेज परिषदेहून परततांना रोमां रोलां ह्या थोर फ्रेंच साहित्यिकाच्या भेटीसाठीं स्वित्झर्लंडमध्यें थांबले. त्या मुक्कामांत त्यांची व सेरेसोल ह्यांची गांठ पडली. ह्या ओळखीस दोन वर्षें उलटतात न उलटतात तोंच बिहारची भूमि हादरली.

दिवस १५ जानेवारी १९३४ चा. दुपारचे दोन वाजून गेले होते. कांहीं मिनिटांत मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा, मोतीहारी ह्या शहरांची दैना झाली. एकट्या बिहारांत सात हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि शेजारच्या नेपाळांत आणखी हजारों. गंगेच्या उत्तरेकडील सखल प्रदेशांत तर जमिनीस भेगा पडून आंतून पाणी व वाळू उसळून वर आली. पिकाऊ शेतें वाळूखालीं गाडलीं गेलीं, विहिरी वाळूनें भरल्या, आणि जमिनीचे चढउतार बदलल्यामुळें पुढच्या पावसाळ्यांत पाणी कोठें चढेल ह्याचा भरंवसा उरला नाहीं. घर कोसळण्याची आपत्ति एका क्षणाची असते. घर पुराच्या वाटेंत येण्याची आपत्ति दर वर्षाची असते.

राजकारणाचे दिवसही कठीण होते. सविनय कायदेभंगाची चळवळ पुरती मावळली नव्हती. बाबू राजेंद्रप्रसाद तुरुंगांत होते. ते भूकंपानंतर लवकरच सुटले, व प्रकृति ठीक नसतांही त्यांनीं लोकांच्या मदतसमितीची धुरा खांद्यावर घेतली. एकीकडे सरकारी मदत, दुसरीकडे राजेंद्रबाबूंची समिति, आणि दोहोंमध्यें संशयाचें वारें. अशा वेळीं गोऱ्या कातडीचा मनुष्य खेड्यांत आला तर गांवकऱ्यानें त्यास काय समजावें? गोरा म्हणजे साहेब, आणि साहेब म्हणजे सरकार, एवढाच त्याचा अनुभव. सेरेसोल १९३४ सालीं प्रथम येऊन पाहणी करून गेले. मग स्वित्झर्लंड व इंग्लंड येथील मोजके सोबती घेऊन ते पुनः आले, आणि १९३७ सालापर्यंत त्यांचें हें काम चालू राहिलें. मुझफ्फरपूरच्या बाजूस पुराच्या तोंडीं सांपडणारीं गांवें उंच जागीं नव्यानें वसविणें, हें त्यांनीं आपल्याकडे घेतलें. त्यांतील एका नव्या वस्तीस शांतिपूर असें अर्थपूर्ण नांव मिळालें.

गांव हलविणें हें एंजिनियराच्या नकाशावर सोपें असतें. गांवकऱ्यास मात्र घराबरोबर वडिलांनीं लावलेलें आंब्याचें झाड सोडावें लागतें, पाणवठा सोडावा लागतो, देवाचें ठाणें सोडावें लागतें, आणि नव्या जागीं कोणाचें घर कोणाशेजारीं येईल हा प्रश्न तर भूकंपाहूनही बिकट. हे प्रश्न बाहेरच्या माणसास एकट्यानें सुटत नाहींत. त्यास गांवांत बसावें लागतें, म्हाताऱ्याकोताऱ्यांचें ऐकावें लागतें, पुष्कळदां आपलें तोंड मिटून ठेवावें लागतें. येथें एंजिनियर हा शिष्य होतो व अंगठा उठविणारा शेतकरी त्याचा गुरु होतो.

त्यांत आणखी एक पेच असतो, व तो आपल्या घरांत पाहुणा आला असतां आपणांसही अनुभवास येतो. पाहुण्यास कामास लावणें हा यजमानास आपला अपमान वाटतो. बसून खाणें ही पाहुण्यास लाज वाटते. त्या काळच्या बिहारांत हा पेच दुप्पट होता. साहेबानें मातीची पाटी उचलावी हें दृश्य तेथें अपूर्व होतें. किंबहुना चार अक्षरें शिकलेल्या वरच्या जातीच्या देशी माणसानेंही कुदळ हातीं धरणें कमीपणाचें मानलें जात असे. परदेशी पाहुण्यास खाट टाकून देत, दूध आणून देत, परंतु त्याच्या पंगतीस बसत नसत. त्यानें विटाळलेलें भांडें निराळें ठेवीत. ही त्या काळीं जुन्या वळणाच्या घरांतली सरसहा रीत होती, आणि आदर व सोंवळें ह्या दोन्ही गोष्टी एकाच ओसरीवर नांदत.

योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत हाच विषय साऱ्या देशांत गाजत होता. गांधीजी त्या वेळीं अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. बिहारचा भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वरानें केलेली शिक्षा होय, असें ते म्हणाले. आणि रवींद्रनाथ ठाकुरांनीं त्यास उघड हरकत घेतली. सृष्टीच्या कोपास नीतीचा निवाडा म्हणतां येत नाहीं, असें रवींद्रनाथांचें म्हणणें. ह्या वादांत कोणाची बाजू खरी हें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. मात्र एक गोष्ट दोघांसही मान्य होती. भूकंपानें विटांच्या भिंती पाडल्या. माणसामाणसांत पंगतीच्या ज्या भिंती होत्या त्या तशाच उभ्या होत्या.

सेरेसोल ह्यांनीं हिंदुस्थानांतून लिहिलेलीं पत्रें पुढें फ्रेंच भाषेंत पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. बिहारच्या एकंदर विध्वंसापुढें त्यांचें काम ओंजळभरच होतें. ते १९४५ सालीं निवर्तले. आपल्या देशाचें स्वातंत्र्य त्यांस पाहावयास मिळालें नाहीं. परंतु परदेशी मनुष्य ह्या देशांत हुकूम करण्यास न येतां माती वाहण्यास येऊं शकतो, हा पायंडा त्यांनीं पाडला. आणि तो पायंडा पुढें अशा ठिकाणीं उपयोगी पडला कीं, जेथें प्रश्न घराच्या भिंतींचा नव्हता, पंगतीच्या भिंतीचाच होता.

तें ठिकाण म्हणजे तेव्हांच्या चांदा, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील वरोरा गांवाजवळचें आनंदवन. मुरलीधर देवीदास आमटे, ज्यांस सारा महाराष्ट्र बाबा आमटे म्हणून ओळखतो, हे वरोऱ्याचे वकील. त्यांचा जन्म १९१४ सालचा. रस्त्याच्या कडेला गटारापाशीं पडलेला एक कुष्ठरोगी पाहून ते प्रथम भिऊन दूर झाले, आणि त्या भीतीचीच त्यांस इतकी लाज वाटली कीं, तिच्यावर उपाय म्हणून त्यांनीं त्या रोगाच्या सेवेसच वाहून घेतलें. कलकत्त्यास जाऊन त्यांनीं ह्या रोगाच्या उपचाराचें शिक्षण घेतलें, १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन केली, व १९५१ सालीं सरकारकडून मिळालेल्या खडकाळ, झाडाझुडपांनीं व्यापलेल्या जमिनीवर आनंदवन वसविलें. बरोबर पत्नी साधनाताई, दोन लहान मुलगे व सहा रोगी होते. गांठीस चौदा रुपये होते आणि सोबतीस एक लंगडी गाय होती, असें त्या आरंभाचें वर्णन सांगण्यांत येतें. पहिली विहीर त्यांनीं आपल्या हातांनीं खणली.

ज्यांच्या हातापायांचीं बोटें झडलीं होतीं त्यांनीं त्या खडकांत भाजीपाला पिकविला. पोटापुरता ठेवून उरला तो वरोऱ्याच्या बाजारांत विकावा, असें ठरलें. पण घेणार कोण? भाजी ताजी होती, भावानें स्वस्त होती; परंतु ती महारोग्यानें लाविलेली होती. ह्या रोगाचा जंतु हॅन्सेन ह्या नॉर्वेच्या वैद्यानें १८७३ सालींच शोधून काढला होता, रोग सहजासहजीं एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं हें वैद्यकास ठाऊक झालें होतें, आणि सल्फोन जातीच्या नव्या औषधांनीं तो आटोक्यांत येऊं लागला होता. तरीही शास्त्रानें जें सिद्ध केलें तें बाजारानें मानलें नव्हतें. गांवचे लोक दुष्ट होते असें नव्हे. शेंकडों वर्षांची भीति ही वर्तमानपत्रांतला मजकूर वाचून जात नाहीं. ती डोळ्यांदेखत कोणी तरी मोडावी लागते.

ती मोडली गेली ती अशी. आनंदवनाच्या त्या पहिल्याच वर्षांत, १९५० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धांत, सेरेसोल ह्यांच्या संस्थेचे तरुण स्वयंसेवक तेथें येऊन दाखल झाले. निरनिराळ्या देशांतले, निरनिराळ्या भाषा बोलणारे, कित्येकजण सुखवस्तु घरांतले. रोग्यांसाठीं पक्क्या इमारती बांधण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें, आणि कांहीं महिने ते तेथेंच राहिले. त्यांनीं दगड वाहिले, भिंती उभारल्या. हें काम मोठेंच. परंतु त्याहून मोठें काम त्यांच्या हातून घडलें तें दुपारच्या जेवणाच्या वेळीं, आणि तें काम आहे असें म्हणावें तर त्यांत श्रम कांहींच नव्हते. आनंदवनांत पिकलेली भाजी त्यांच्या पानांत पडे व ते ती खात. तेथील गाईचें दूध ते पीत. यजमानाच्या घरचें अन्न पाहुण्यानें गोड मानून घ्यावें, एवढेंच तें.

वरोऱ्याचे लोक हें पाहत होते. परदेशी माणसें कशीं काम करतात हें बघण्यास प्रथम कुतूहलानें लोक येऊं लागले. सातासमुद्रांपलीकडून आलेलीं हीं शिकलेलीं माणसें महारोग्यांच्या शेजारीं राहतात, त्यांनीं पिकविलेलें खातात, आणि दिवसामागून दिवस लोटले तरी त्यांस कांहीं होत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें. हळूहळू भीतीची पकड ढिली झाली. आनंदवनाची भाजी व दूध बाजारांत खपूं लागलें. जो माल भिकेच्याही योग्यतेचा मानला जात नव्हता त्यास किंमत आली. आणि मालास किंमत आली म्हणजे तो पिकविणाऱ्या हातास किंमत आली.

ह्या प्रसंगाचा विचार करतांना दोन गोष्टी मनास लागून राहतात. पहिली ही कीं, येथें यजमान कोण होते? ज्यांस आपल्याच घरांतून बाहेर काढलें होतें, ज्यांस कोणाच्या दारांत उभें राहण्याची मुभा नव्हती, त्यांच्या घरीं पाहुणे आले. मनुष्यास भाकरी मिळाली नाहीं तर तो उपाशी राहतो. परंतु आपली भाकरी दुसऱ्यास देण्याची संधि मिळाली नाहीं तर तो माणसांतूनच उठतो. "घ्या, आणखी थोडें घ्या" असें म्हणण्याचा जो मान गरिबांतल्या गरिबासही असतो, तो ह्या लोकांपासून हिरावला गेला होता. स्वयंसेवकांनीं बांधलेल्या भिंतींपेक्षां त्यांनीं परत मिळवून दिलेला हा मान अधिक मोलाचा होता, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

दुसरी गोष्ट कडू आहे, आणि ती गिळली पाहिजे. हें काम करण्यास युरोपांतून माणूस कां यावा लागला? वरोऱ्यांतले शिकलेले, सुसंस्कृत लोक आनंदवनापासून हांकेच्या अंतरावर राहत होते. बाबा व साधनाताई आपल्या मुलांसह त्या रोग्यांत नांदत होतीं, हेंही लोक रोज पाहत होते. आपल्यांतला मनुष्य जेवला तर तो वेडा किंवा साधु ठरतो, आणि गोरा मनुष्य जेवला तर तें प्रमाण ठरतें, ही आपल्या मनाची घडण होती. आपल्या दारांतल्या माणसाच्या हातचें घेण्यासाठीं परक्याची साक्ष लागली. परदेशी पाहुण्यांचा गौरव करतांना ही आपली उणीव झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आनंदवनानें मात्र ह्या अनुभवाचें सोनें केलें. पुढें त्याच परिसरांत महाविद्यालय निघालें व वरोऱ्याचींच मुलेंमुली तेथें शिकावयास येऊं लागलीं. म्हणजे ज्या वाटेनें गांव जात नव्हता तीच गांवाची रोजची वाट झाली. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत मूल गांवाजवळच्या सोमनाथ येथें तरुणांसाठीं श्रमसंस्काराची छावणी भरूं लागली. आतां परदेशच्या पाहुण्याची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या तरुणांनीं तेथें घाम गाळला, आणि कित्येकांनीं आयुष्यांत प्रथमच अशा माणसांच्या पंगतीस बसून जेवण केलें कीं, ज्यांच्याजवळ बसण्यास त्यांचे आजे धजले नसते.

तिसरी हकिकत विक्रोळीची. अमेरिकेनें १९६१ सालीं "पीस कोअर" नांवाचें स्वयंसेवकांचें दल उभारलें, व त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची पहिली तुकडी आपल्या देशांत पंजाबांत उतरली. १९७६ पर्यंत हें दल येथें काम करीत होतें. त्यांतले बहुतेक स्वयंसेवक विशीतले तरुण असत. पण १९६६ सालीं मुंबईस आलेल्या एक बाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांचें नांव लिलियन कार्टर. त्या शिकलेल्या परिचारिका, वैधव्य आलेल्या, अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया प्रांतांत वाढलेल्या. तेथें गोऱ्या व काळ्या माणसांचे पाणवठे, शाळा व बांकें निराळीं असत; म्हणजे विटाळ काय चीज आहे हें त्यांस कोणी शिकविण्याची गरज नव्हती, आणि आपल्या गांवीं असतांनाही त्यांनीं तो पाळला नव्हता. विक्रोळीस गोदरेजच्या कारखान्याच्या वसाहतींत राहून तेथील दवाखान्यांत त्यांनीं सुमारें पावणेदोन वर्षें काम केलें. कामगार, त्यांच्या बायका, तान्हीं मुलें, कुष्ठरोगी हे सारे त्यांच्याकडे येत.

त्या घरीं धाडीत असलेलीं पत्रें पुढें पुस्तकरूपानें निघालीं. त्यांच्या मुक्कामांतली एक साधी गोष्ट त्यांचे पुत्र जिमी कार्टर ह्यांनीं आपल्या आईविषयीं लिहितांना सांगितली आहे. वसाहतींतला एक माळी बाईंस भाजी व फुलें आणून देई. त्याची मुलगी शाळेंत जात नव्हती. बाईंनीं त्या मुलीस लिहावाचावयास शिकविलें. ह्यांत दाता कोण आणि घेता कोण? पगार तुटपुंजा असलेल्या म्हाताऱ्या परदेशी बाईस ताजी भाजी मिळाली, माळ्याच्या मुलीस अक्षरें मिळालीं, आणि दोघांच्याही माना ताठ राहिल्या. पुढें ती मुलगी उच्च शिक्षण घेऊन शिक्षणाच्याच क्षेत्रांत मोठ्या पदास पोचली. माळ्यानें भाजी आणली नसती तर बाईंस त्या घराची ओळख पटली असती कीं नाहीं, कोण जाणे. दवाखान्यांत आलेल्या शेंकडों मुलांप्रमाणें ती मुलगीही औषध घेऊन निघून गेली असती.

लिलियन बाई १९६८ सालीं स्वदेशीं परतल्या. त्यांचे पुत्र १९७७ सालीं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. अध्यक्षपद सोडल्यावर पुष्कळ वर्षांनीं, २००६ सालीं, ते लोणावळ्याजवळच्या पाटण गांवीं आले ते "हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी" ह्या संस्थेचे एक स्वयंसेवक म्हणून. तेथें शंभर घरांचें काम झालें. ह्या संस्थेचा एक नियम सांगण्याजोगा आहे. ज्या कुटुंबास घर मिळावयाचें त्यानेंही बांधकामांत घाम गाळला पाहिजे, आणि घर फुकट मिळत नाहीं, त्याची किंमत हप्त्यानें फेडावी लागते. ज्याचें घर तोही विटा वाहतो आणि जो पाहुणा तोही विटा वाहतो. एनच्या ओसाड गांवीं जें जुळलें नव्हतें तें येथें मावळांत नियमानेंच जुळवून आणलें गेलें.

ह्या साऱ्या हकिकतींत आणखी एक बाजू आहे, व ती सहसा कोणी लिहीत नाहीं. आतिथ्य फुकट होत नसतें. पाहुणा आला म्हणजे गरिबाच्या घरीं लेंकरांच्या वांट्याचें दूध पाहुण्याच्या चहांत जातें, अंड्यावर बसवावयाची कोंबडी कापली जाते, घरची बाई उरलेल्यावर भागविते, आणि हें पाहुण्यास कळूं दिलें जात नाहीं. आपल्या वाचकांपैकीं ज्यांचें बाळपण खेड्यांत गेलें आहे त्यांस हें सांगावयास नको. कांहीं आठवडे राहून, "किती प्रेमळ लोक!" असें म्हणून पाहुणा निघून जातो, त्या प्रेमाचा हिशेब घरच्या बाईनें मिटविलेला असतो. म्हणून शहाणा स्वयंसेवक दोन पथ्यें पाळतो. तो दिलेलें नाकारीत नाहीं, कारण नाकारणें म्हणजे यजमानास हलकें लेखणें. आणि तो बसून राहत नाहीं, कारण बसून राहणें म्हणजे यजमानास बुडविणें. सेरेसोल ह्यांनीं कुदळ धरली, आनंदवनाच्या पाहुण्यांनीं दगड वाहिले, लिलियन बाईंनीं पाटी-पेन्सिल धरली. आणि ज्या त्या ठिकाणीं पानांत पडलें तें खाल्लें. ह्या दोन पथ्यांपैकीं दुसरें तर सर्वच चांगले लोक पाळूं इच्छितात. पहिलें पाळणें कठीण, कारण त्यांत आपण देणारे आहोंत हा अभिमान खालीं ठेवावा लागतो.

आज काळ पालटला आहे. १९८० च्या सुमारापासून प्रचारांत आलेल्या अनेक औषधांच्या एकत्रित उपचारानें कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, आणि त्याचें औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें. परदेशी तरुण आतां विमानानें येतात, पंधरवडा राहतात, शाळेच्या भिंती रंगवितात व परत जातात. त्यांच्या येण्यानें नेमकें कोणाचें भलें होतें, असा प्रश्न त्यांच्याच देशांत विचारला जाऊं लागला आहे. तो प्रश्न योग्य आहे. पण त्याचें उत्तर किती भिंती रंगल्या ह्यांत शोधून सांपडणार नाहीं. ज्या घरीं ते उतरले त्या घरास त्यांनीं घर मानलें कीं धर्मशाळा, यजमानाचें नांव त्यांस परत जातांना आठवत होतें कीं नाहीं, हें विचारलें पाहिजे.

आणि हा प्रश्न केवळ परदेशी पाहुण्यास विचारून आपण मोकळे होऊं नये. ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक समाज आपल्या दानाचा हिशेब मांडतो: किती गरिबांस अन्न दिलें, किती रोग्यांस भेट दिली, किती घरीं मदत पोचविली. तो हिशेब मांडावाच. त्याच्या शेजारीं दुसरा एक रकाना असावा, अशी ह्या लेखकाची वाचकांस नम्र विनंति आहे. ज्यांच्याकडे आपण पिशवी भरून नेली त्यांच्यापैकीं किती घरीं आपण उंबरठा ओलांडून आंत गेलों, पाट मांडून दिल्यावर बसलों, आणि त्यांनीं पुढें केलेला चहाचा कप घेतला? वरोऱ्याच्या बाजारांत भाजी घेऊन बसलेल्या त्या माणसांस गिऱ्हाईक हवें होतें, दाता नव्हे. अशीं माणसें आपल्याही गल्लींत आहेत. त्यांच्या हातचें घेण्यासाठीं ह्या वेळीं तरी कोणा परक्याची साक्ष लागूं नये.